सेवेचं मोजमाप करायचं नसतं म्हणे!



या खेपेला दशलक्षण पर्वातल्या एकाशनाच्या स्वयंपाकाबद्दल लिहीन, असं मी कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. आज डोकं तापलेलं आहे आणि तापलेल्या डोक्याने पाककृती लिहिली तर मीठ दोनदा पडतं.

गेल्या महिन्यात आपल्या समाजाच्या एका वृद्धाश्रमाच्या नव्या मजल्याचं उद्घाटन झालं. नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे ते एका आश्रमाबद्दल नाही. मंडप होता, बँड होता, शांतिधारेची बोली झाली, जेवण उत्तम होतं. जेवणानंतर विश्वस्तांपैकी एका काकांना मी एकच प्रश्न विचारला. ‘‘काका, इथल्या आजी-आजोबांचं वजन महिन्यातून एकदा तरी करता का?’’ काका हसले. म्हणाले, ‘‘ताई, सेवेचं मोजमाप करायचं नसतं. भाव बघायचा असतो.’’ शेजारी बसलेल्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या.

काकांच्या पाठीमागे भिंतीवर संगमरवरी पाटी होती. कुणी किती लाख दिले ते आकड्यांत कोरलेलं, मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत, उतरत्या क्रमाने.

आता माझा राग कुठून आला ते सांगते. माझी आत्या त्याच आश्रमात दोन वर्षं होती. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही. मला भक्तामर पाठ करून घेतलं ते तिने, चुकलं की पाठीत धपाटा घालून. शेवटी भावांच्या घरी जिने चढणं जमेना, रात्री तोल जायला लागला, तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला तिथे ठेवलं. देऊळ आवारातच, कांदा-लसूण नाही, पाणी गाळून, सूर्यास्ताआधी जेवण. आम्हाला वाटलं, याहून चांगलं काय असणार?

मी दर महिन्याला एका रविवारी जायची. आत्या धुतलेलं पातळ नेसून, केस विंचरून, बाहेरच्या खुर्चीत बसलेली असायची. मी लाडू द्यायची, गप्पा मारायची, अंगारल्यासारखे गरम हात हातात घ्यायची आणि परतायची. वाळली आहे असं दिसायचं. वय झालं, म्हणायची मी.

फेब्रुवारीत ताप आला म्हणून तिला दवाखान्यात हलवलं. तिथल्या सिस्टरने तिला कुशीवर वळवलं आणि मला हाक मारली. माकडहाडावर तळहात मावेल एवढी जखम होती, आत खोल गेलेली. दोन्ही टाचा काळ्या पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, ही दोन-चार दिवसांची गोष्ट नाही. वजन अडतीस किलो भरलं. आश्रमात दाखल करताना आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर एक्कावन्न होतं. तेरा किलो, मैत्रिणींनो! दोन वर्षांत तेरा किलो माणूस कुठे गेलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या दोन वर्षांत तिला एकदाही काट्यावर उभं केलेलं नव्हतं.

आश्रमात काटा नव्हता असं समजू नका. धान्याच्या कोठीत मोठा काटा आहे. मी गव्हाचं पोतं दिलं तेव्हा ते माझ्यासमोर मोजलं, पन्नास किलो दोनशे ग्रॅम, तशी पावती फाडली आणि वहीत चढवलं.

‘मोजमाप करायचं नसतं’ हे आपल्या तोंडी शोभतच नाही. आपण सगळं मोजतो. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं, जपाचे मणी एकशे आठ, उपवास कुणाचे किती झाले ते तर वर्षानुवर्षं लक्षात. महाराजांचा आहार झाला की चौक्यातली प्रत्येक बाई सांगू शकते, आज किती घास घेतले, दूध घेतलं की नाही, पाणी किती ओंजळी झालं, अंतराय कशाने आला. दोन दिवस आहार कमी झाला तर सगळ्या गावाला घोर लागतो. ही मोजणी आपल्याला कुणी शिकवली नाही. काळजी असते तिथे लक्ष आपोआप जातं आणि आकडा आपोआप तोंडात येतो. मग आत्याने त्या आठवड्यात किती भाकरी खाल्ली, हे एकाही माणसाला का सांगता येऊ नये?

पाठशाळेत आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार घोकले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहेत. मला लहानपणी ते बैलांचे नियम वाटायचे. बांधू नका, मारू नका, अवयव कापू नका, झेपेल त्याहून जास्त ओझं लादू नका, चारापाणी तोडू नका. आमचे पंडितजीही उदाहरणं गोठ्यातलीच द्यायचे. फेब्रुवारीत दवाखान्याच्या बाकावर बसून मी ती यादी मनात म्हणत होते आणि अंगावर काटा आला. ही तर वृद्धाश्रम तपासायची यादी आहे!

बंध घ्या. रात्री आजोबा उठून चालायला लागतात, पडतील म्हणून हात पलंगाला ओढणीने बांधतात. दोरी वापरली नाही म्हणजे बांधलं नाही, असं नसतं. झोपेच्या गोळीनेही माणूस बांधता येतो. पलंगाचे कठडे वर करून, खुर्चीपुढे टेबल अडवूनही येतो. म्हणून विचारायचं: आज किती जण बांधलेले आहेत, किती जणांना झोपेचं किंवा डोकं शांत करण्याचं औषध चालू आहे, ते कुणी लिहून दिलं आणि शेवटचं कधी तपासलं?

छेद म्हणजे अवयव कापणं. माणूस एकाच कुशीवर पडू दिला आणि कातडी आपोआप फाटली, तर तो छेद नव्हे असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणो, मी म्हणणार नाही. बेडसोअर हा म्हातारपणाचा भाग आहे, असं सांगून आपली बोळवण करतात. काही माणसं इतकी खंगलेली असतात की सगळं करूनही जखम होते, हे खरं. पण बहुतेक वेळा ती टाळता येते. स्वतः हलू न शकणाऱ्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, अंग कोरडं ठेवायचं, टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत, पोटात पुरेसं जायला हवं. सुरुवात लालसर डागाने होते. बोटाने दाबला तरी तो पांढुरका पडत नाही. सावळ्या कातडीवर तो नीट दिसतही नाही, तिथे हात लावून गरम किंवा टणक लागतं का ते पाहावं लागतं. त्या दिवशी लक्ष गेलं तर काम भागतं. म्हणजे रोज अंघोळीच्या वेळी कुणीतरी पाठ, कंबर, टाचा बघून वहीत एक खूण केली पाहिजे. एवढंच. याला परदेशी यंत्र लागत नाही.

अतिभारारोपण. हा अतिचार आश्रमातल्या मावशींच्या बाजूने वाचा. आत्याच्या मजल्यावर रात्री एकच मावशी असायची आणि माणसं सोळा. त्यातली सहा जण स्वतःहून कूस बदलू न शकणारी. दर दोन तासांनी सहा जणांना वळवायचं, लंगोट बदलायचे, कुणी हाक मारली की धावायचं, आणि यातल्या कित्येकांना उचलायला दोन माणसं लागतात. तिने काय करावं? मी त्या मावशीवर सुरुवातीला फार रागावले होते. नंतर तिचा पगार कळला. माझ्या घरी धुणीभांडी करणारी दोन तासांचे घेते त्या हिशेबाने बाराशे तरी जास्त पडतात. आता मी तिच्याबद्दल एक शब्द बोलत नाही. ओझं लादणारा वेगळा, वाहणारा वेगळा, आणि अतिचार लादणाऱ्याला लागतो.

आणि अन्नपाननिरोध. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथेच आपण सगळ्यात जास्त अभिमानाने चुकतो.

आश्रमात संध्याकाळचं जेवण साडेपाचला. सूर्यास्ताआधी. याची आपल्याला केवढी शाबासकी वाटते! सकाळचा नाष्टा आठला. करा हिशेब. साडेचौदा तास. ज्यांनी रात्रीभोजनत्याग स्वतः घेतला आहे, त्यांना माझा नमस्कार. माझ्या सासूबाई पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत रात्री पाण्याचा थेंब घेत नसत. पण व्रत घ्यायचं असतं, घालायचं नसतं. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला साडेचौदा तास उपाशी ठेवलं तर पहाटे साखर उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. दिवसभरात पाणी कमी गेलं तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात अचानक गोंधळ, लेकीला न ओळखणं, हे सगळं त्यातून येऊ शकतं. आपण म्हणतो, आजींना भ्रम झाला. शिवाय पाणी कमी देण्यामागे दर वेळी धर्मच असतो असंही नाही. पाणी कमी तर रात्री लंगोट कमी, हा हिशेब मला एका दुसऱ्या आश्रमातल्या मावशीनेच खालच्या आवाजात सांगितला.

मग प्रश्न सोपा आहे: इथे राहणाऱ्या किती जणांनी रात्री न खाण्याचा नियम स्वतः घेतलेला आहे? उरलेल्यांना झोपायच्या आधी काय मिळतं? डॉक्टरांना हे जेवणाचं वेळापत्रक कुणी दाखवलं आहे का?

याच वाटेने पुढे गेलं की आणखी अवघड जागा येते. लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. आत्याच्या शेजारच्या खोलीत एक आजोबा होते. त्यांनी जेवण सोडलं होतं. सगळे आदराने सांगायचे, ‘‘आजोबांनी त्याग धरलाय.’’ पुढे त्यांची मुलगी आली, तिने तोंड उघडून पाहिलं तर कवळी हिरडीत रुतून जखम झालेली. आजोबांना स्पष्ट बोलता येत नव्हतं, पक्षाघातानंतर. त्यांनी त्याग वगैरे काही धरला नव्हता. त्यांना चावता येत नव्हतं.

सल्लेखनेच्या हक्कासाठी २०१५ च्या ऑगस्टमध्ये आपण देशभर मूक मोर्चे काढले. राजस्थान उच्च न्यायालयाचा निकाल आला होता, त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मीही पांढरी साडी नेसून चालले होते आणि आजही चालेन. पण सल्लेखना म्हणजे पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून, गुरूंची आज्ञा घेऊन, सगळ्यांची क्षमा मागून घेतलेलं व्रत. ज्याला कुणी विचारलं नाही, ज्याची कवळी कुणी तपासली नाही, त्याच्या उपासमारीला हे नाव देणं म्हणजे त्या व्रताचा आपणच केलेला अपमान आहे. एखाद्याने खाणं कमी केलं तर आधी तोंड, मग औषधं, मग पोट, मग मन तपासा. सगळं तपासून झाल्यावर आणि त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर वैराग्याची गोष्ट काढा.

माझ्या मावसबहिणीची मुलगी न्यू जर्सीत अशाच एका शुश्रूषागृहात नर्स आहे. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मावशी, आमच्याकडेही हेच होतं, म्हणून तर कायदा आला. तिथे १९८६ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय संस्थेने शुश्रूषागृहांवर अहवाल दिला आणि १९८७ मध्ये कायदा झाला. तेव्हापासून प्रत्येक रहिवाशाची एकाच ठरावीक तक्त्यावर तपासणी होते, आल्यावर आणि मग दर तीन महिन्यांनी. जखम आहे का, पडले का, बांधलं का, वजन किती. महिन्यात शेकडा पाच किंवा सहा महिन्यांत शेकडा दहा वजन उतरलं तर ती धोक्याची घंटा. संध्याकाळचं जेवण आणि सकाळचा नाष्टा यांत चौदा तासांहून जास्त अंतर ठेवायचं नाही, आणि ठेवायचंच तर झोपताना पोटभरीचं काहीतरी द्यायचं, हेही नियमात लिहिलेलं आहे. वाचून मी गप्प झाले. आमचे साडेचौदा! १९९० च्या आसपास तिथे पाचातला एक म्हातारा बांधलेला असायचा. मोजायला लागले, आकडे उघड झाले, आणि पुढच्या दोन दशकांत ते प्रमाण शंभरात दोन-तीनांवर आलं.

तिथे सगळं सोन्याचं आहे असं नाही. २००८ पासून तिथे आश्रमांना हॉटेलांसारखे तारे देतात, आणि बरीच वर्षं कामावर माणसं किती हा आकडा आश्रमच स्वतः कळवायचे. साहजिकच फुगवून. पुढे पगाराच्या नोंदी मागायला लागले, तेव्हा शनिवार-रविवारी माणसं किती कमी असतात ते बाहेर पडलं. काही ठिकाणी शांत करणाऱ्या औषधांचा आकडा कमी दिसावा म्हणून रहिवाशांवर नको त्या मानसिक आजाराचा शिक्का मारला गेला. म्हणजे आकडा खोटाही असू शकतो. म्हणून वही आश्रमाची असली तरी पाठ आपण स्वतः बघायची.

आपल्याकडे काय आहे? समाजाच्या ट्रस्टचा हिशेब लेखापरीक्षण होऊन धर्मादाय आयुक्तांकडे जातो. तो पैशांचा हिशेब. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम सरकारने काढावा असं म्हटलं आहे. बरं आहे. पण आपल्या आवारात, आपल्या पैशाने, आपल्या नावाने चाललेल्या घरात सरकारी माणूस येऊन पाठ बघेल याची वाट आपण का बघायची?

आणि हे दुसऱ्या कुणाचं गाऱ्हाणं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सगळ्या धर्मांत कमी मुलं जैन बायकांना होती, सरासरी १.२. त्या एका मुलाने पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत घर केलेलं आहे. आश्रमाच्या त्या खाटा आपल्यासाठीच घालून ठेवलेल्या आहेत.

काकांचं दुसरं म्हणणंही सांगते, नाहीतर अन्याय होईल. ते म्हणाले, आम्ही विश्वस्त पदरमोड करतो, आठवड्याचे तीन दिवस देतो, असे प्रश्न विचारलेत तर कुणी पुढे येणार नाही. हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आश्रम चालवणं किती कठीण आहे ते मी पाहिलं आहे, आणि त्या काकांनी स्वतःच्या गाडीतून कितीतरी जणांना मध्यरात्री दवाखान्यात नेलेलं आहे. पण काका, नव्या मजल्याच्या फरशीला जेवढे पैसे गेले, त्यात रात्रीची दुसरी मावशी किती वर्षं राहिली असती? देणगीदार फरशीला देतात, मावशीच्या पगाराला देत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पगारावर नाव कोरता येत नाही. तिथे चूक तुमची नाही, आमची आहे, म्हणजे देणाऱ्यांची. वाढदिवसाला, पुण्यतिथीला आपण गोड जेवण देतो आणि फोटो काढतो. एका मावशीचा एका महिन्याचा रात्रपाळीचा पगार पुण्यतिथीच्या नावे देऊन बघा की.

गप्प बसण्याचं खरं कारण मला आता कळलं आहे. आपण माणूस तिथे ठेवलं याची लाज आपल्याला आतून खात असते. सून असेल तर दुप्पट, कारण बोल तिलाच लागतात. लाज असली की प्रश्न विचारता येत नाही. आणि भीती असते, ‘पटत नसेल तर घेऊन जा’ असं म्हणाले तर? दोन वर्षं मी आत्याची पाठ पाहिली नाही, ती याच लाजेने आणि याच भीतीने. पातळ बाजूला करून पाहायला एक मिनिट लागलं असतं.

वैयावृत्य हे सहा अंतरंग तपांतलं तिसरं, स्वाध्यायाच्याही आधीचं. ते साधूंसाठी सांगितलं आहे, असं एखादे पंडितजी मला सांगतील, आणि ग्रंथाच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. त्या दहा जणांत ग्लान, म्हणजे आजारी, हाही आहे, एवढंच मी हात जोडून म्हणेन.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मी काकांना पत्र दिलं. फार काही मागितलं नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांचं वजन, उभं राहता येत नसेल त्यांच्यासाठी खुर्चीचा काटा, तो मी देते. रोज पाठ-टाचा बघितल्याची खूण. कोण पडलं, कुठे, किती वाजता, याची वही. बांधलेल्यांची आणि झोपेच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांच्या सहीने. झोपताना दूध किंवा ज्याला जे चालेल ते, ज्यांचा नियम नाही त्यांना विचारून. आणि दोन श्राविकांना कोणत्याही वेळी, न कळवता, रात्रीसुद्धा आत येण्याची परवानगी. हे आकडे दर महिन्याला देवळाच्या फळ्यावर नावांशिवाय लिहायचे, अभिषेकाच्या बोलीच्या शेजारी.

फळ्याचं सोडून बाकीचं बघू, असं काकांचं उत्तर आलं आहे. फळ्याचं मी सोडणार नाही.

आत्या माझ्याकडे आहे. जखम भरत आली, टाच अजून नाही. काल वजन केलं, बेचाळीस किलो सहाशे. काट्यावर उभी असताना म्हणाली, ‘‘गव्हाचं पोतं करून टाकलंस की गं मला.’’ चला, तिची कूस बदलायची वेळ झाली. तुमच्या गावच्या आश्रमात कुणी वजन करत असेल तर मला जरूर कळवा, किती वर्षांपासून आणि कुणी सुरू केलं तेही लिहा.